मैतू तिच्याशी मराठीत बोलते

३ नोव्हेंबर, रविवार

मैतू आज आमच्या पक्षी-मंडळाच्या शिबिराला आली! माझ्यासाठी नव्हे. कॉलेजात निसर्ग क्लबची हजेरी भरावी लागते म्हणून. तरी पहाटे गाडीत माझ्याशेजारी बसली होती, हे खरं. लहानपणी एकदा वेडंतांगलला पक्षी बघायला नेली होती, तेव्हा उन्हात रडून रडून आकाशपाताळ एक केलं होतं. त्यानंतर आजच. एकोणीस वर्षांची झाली.

पेरुंबाक्कमचा तलाव. पाणी छान आहे यंदा. झोळीवाले पेलिकन अगदी जवळ. नवीन लोक बरेच आले होते. माझं नेहमीचं सांगून झालं: दुर्बीण कशी धरायची, आधी डोळ्यांनी शोधायचं, मग दुर्बीण लावायची. नवख्यांचं शिबिर म्हणजे अलकाताई, असं मंडळात ठरूनच गेलंय. लग्न होऊन साताऱ्याहून इथे तमिळ मुलखात आले तेव्हा ना भाषा येत होती ना कुणी ओळखीचं होतं. रविवारच्या या सकाळी मिळाल्या म्हणून टिकले.

मैतू लांब बांधावर, फोनमध्ये. दोनदा हाक मारली. "वरेन मा." येते ग आई. आली नाही.

मंडळात एक नवीन बाई आल्यात. रुक्मिणी राव. मैलापूरच्या शाळेतून निवृत्त. तंजावरकडच्या मराठी. सगळे पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागलेत. साडी, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पुरुषी टोपी. त्या मैतूपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय बघूलास गे, पोरी?"

बघूलास! म्हणजे बघतेस. मैतूला हसू फुटलं. त्यांनाही. मग दोघी बराच वेळ तिथेच. काय बोलत होत्या, ऐकू आलं नाही.

परतताना मैतू म्हणाली, "शी इज सो क्यूट." मी म्हटलं, हो ना.


१० नोव्हें., रविवार

आज मी उठवायच्या आधी मैतू तयार. बूट घालून दारात!! हजेरी मागच्या वेळीच भरली होती. मी विचारलं, "आज कशाला?" म्हणाली, "सुम्मा." उगीच.

नन्मंगलमचं जंगल. काटेरी झुडपं, खाणीतलं पाणी. मैतू सबंध वेळ अक्का होत्या त्या गटात. मी माझा गट घेऊन पुढे होते. वळून बघावं तर दोघी कुठल्या तरी बोरीखाली उभ्या. मैतू बोलतेय, अक्का मान डोलावतायत. जवळ गेले तर काय, मैतू मराठी बोलत होती! तुटकंच, मध्ये तमिळ, मध्ये अक्कांचंच ते जुनं काहीतरी. "ज्ञापक आहे मला" म्हणाली. ज्ञापक म्हणजे आठवण. आमच्या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलेला नाही.

या मुलीशी ती जन्मल्यापासून मी मराठीत बोलते. उत्तर तमिळमध्ये येतं, नाहीतर इंग्रजीत. शाळेत होती तेव्हा गोष्टींची पुस्तकं आणली, रागावले, लाडीगोडी केली. "तू बोल मा, मला समजतं ना," यापलीकडे गाडी गेली नाही.

प्र. ला सांगितलं. माझा नवरा रविवारीही गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून दमून आलेला, पाय टेबलावर. म्हणाला, "मराठी बोलायला लागली ना? मग झालं की! तुला हेच हवं होतं."

हेच हवं होतं का?


१७ नोव्हें., रविवार

पावसामुळे शिबिर रद्द. चला, आज घरी दोघी, म्हणून थालीपीठ लावायला घेतलं. मैतू छत्री घेऊन बाहेर. "अक्का बोलावलीय." मैलापूरला त्यांच्या घरी. पावसात मैलापूर लांब नाही, माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जायचं म्हटलं तर पाऊस.

दुपारी परत आली ती खुशीत. "आई, तुला डांगर पच्चडी येते? अक्का केलेली. सूपर!"

डांगर! दर उन्हाळ्यात करते मी. उडदाचं पीठ, ताक, कांदा. दर उन्हाळ्यात ही नाक मुरडते, "दॅट ग्रे थिंग" म्हणते. मी म्हटलं, "नाही येत."

खोटं का बोलले, कळत नाही. ती म्हणाली, "मी शिकवते तुला." आणि खरंच शिकवायला बसली. मी बघत राहिले, हूं हूं करत. पिठात गुठळ्या झाल्या, तरी गप्प बसले.


२४ नोव्हें., रविवार

केळंबाक्कमची खाडी. आज मी वाईट वागले. लिहून ठेवते म्हणजे उद्या मला ते चांगलं वाटायला नको.

अक्कांना पक्षी फारसे येत नाहीत. हे मी पहिल्या दिवसापासून बघतेय. तुतवार आणि चिखल्यात गोंधळ करतात. तरी त्यांच्या भोवती गर्दी. आज वर एक पक्षी दाखवून म्हणाल्या, "कडल कागम." म्हणजे कुरव. होता तो सुरय. शेपूट दुभंगलेली स्वच्छ दिसत होती. मी माझ्या गटातून, एवढ्या लांबून, मोठ्याने म्हटलं, "नाही नाही अक्का, तो सुरय. शेपूट बघा ना. ही चूक नवख्यांना शिकवली तर कायमची डोक्यात बसते."

सगळ्यांच्या दुर्बिणी खाली आल्या. अक्का म्हणाल्या, "असं का? बरं झालं सांगटलीस." आणि हसल्या. मग गटाकडे वळून तमिळमध्ये, "बघा, साठीतसुद्धा मला नापास करणारी टीचर भेटली." हशा. माझ्यावर नाही, माझ्याबरोबरही नाही. त्यांच्याबरोबर.

गाडीत मैतू खिडकीकडे तोंड करून. घर येईपर्यंत तशीच.

मी बरोबर होते. तो सुरयच होता.


२ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली होती, सर्दी. मैतूचंही कॉलेज नव्हतं. दुपारी आपणहून तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात बसली. किती वर्षांनी! डोक्याला तेल लावत होते. ती अर्धवट झोपेत बोलायला लागली. मराठीत. माझ्याशी.

"आई, एक सांगते. कुणाला सांगू नको हां. अक्काला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "येतं की. गप्पा मारतात."

"बोलणं येतं. बारीक आवाज नाही. पक्ष्यांचे बारीक आवाज सगळे गेले तिचे. फुलटोच्या समोर ओरडतो, तिला नुसती चोच हललेली दिसते. म्हणून ती मला विचारते. मी ऐकून सांगते, कसा आहे, वर जातो का खाली, किती वेळा. मग तिला ज्ञापक येतं, पूर्वी कसा ऐकला होता ते." मग, "ती रडली आई, एकदा. नन्मंगलमला. मंडळात कुणाला माहीत नाही. तुला म्हणून सांगितलं."

तुला म्हणून. केस विंचरून वेणी घातली. वेणी तिला आवडत नाही, तरी घालू दिली. संध्याकाळभर तशीच होती.

आज दिवस फार चांगला गेला.


८ डिसें., रविवार

तो चांगला दिवस टिकवता येत नाही मला.

परत नन्मंगलम. आता माहीत झालंय, त्यामुळे दिसतं. अक्का थांबतात, मान वर करतात, म्हणतात, "मैत्रेयी, काय म्हणूलाय तो?" मैतू डोळे मिटते. सगळा गट गप्प होतो, आपोआप, पोरंसोरंसुद्धा. मग ती सांगते, हळू, शब्द शोधत. "काचेवर पाण्याचा थेंब... नाही, काचेवर नख, पण गोड." माझी मुलगी बोलतेय आणि वीसेक माणसं ऐकतायत. तिचा चेहरा असा मी कधी बघितलेला नाही.

तिच्या लहानपणी मी जे करायचे ते आठवलं. गॅलरीत नेऊन, "ऐक, हा शिंपी. ऐक, हा सुभग. सांग बघू कुठला? चूक. परत ऐक."

अक्कांना उत्तर माहीत नसतं, म्हणून त्या विचारतात. मला उत्तर माहीत असायचं आणि मी विचारायचे. एवढंच. एवढ्यानं कुणाची मुलगी कुणाची होते का?

होते, असं दिसतंय.

एक नवीन मुलगी मला विचारत होती, "त्या दोघी माय-लेकी आहेत ना? मराठीत बोलतायत." मी म्हटलं, आजी शोभेल ती. आणि पुढे चालायला लागले.


१२ डिसें., गुरुवार

ऑफिसातून थेट नुंगंबाक्कमला, सुंदरम सरांकडे. सर मंडळाचे सचिव. जानेवारीतल्या पळवेरकाडूच्या शिबिराची बैठक होती. दोन दिवस, होड्यांतून खाडीत जायचं, रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे. वर्षातलं मोठं शिबिर. नवख्यांचा गट दर वर्षी माझ्याकडे.

कॉफी झाल्यावर सर म्हणाले, "अलका, या वर्षी नवख्यांचा गट अक्कांना देऊ या का? लोक त्यांना फार मानायला लागलेत. तुम्ही थोडी विश्रांती घ्या." बाकीचे माना डोलवत होते. म्हणजे आधीच बोलणं झालेलं!

मी म्हटलं, "चालेल की. फक्त एक आहे."

तिथेच थांबायला हवं होतं. तोंड चालूच राहिलं. अक्कांना नीट ऐकू येत नाही. होडीवर, वाऱ्यात, नावाड्यानं ओरडून काही सांगितलं तर? नवखी माणसं, काही मुलं. जबाबदारी कुणाची? मी अगदी शांतपणे बोलले. काळजीच्या सुरात. तो सूर माझा मलाच ऐकू येत होता.

सर म्हणाले, "हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत."

ठरलं: गट माझ्याकडेच. अक्कांनी यावं, पण गट नाही आणि होडीही नाही. सर त्यांना फोन करणार.

रिक्षातून घरी. प्र. नं विचारलं, काय झालं बैठकीत? म्हटलं, काही नाही, नेहमीचंच.

मैतू अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "जेवलीस का?" मराठीत.


१४ डिसें., शनिवार

मैतू मैलापूरहून आली. चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"तू सांगितलंस?"

मी पोळी लाटत होते. म्हटलं, "होडीवर धोका असतो मैतू. उद्या काही झालं तर..."

"तू सांगितलंस का?"

"हो."

आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. नाही केला. म्हणाली, "मला एक वाटलं, तू आणि मी... मी तुलाच सांगितलं होतं. अप्पालासुद्धा नाही."

मग खोलीत. दार आपटलंही नाही. हळू लावलं.

पोळी करपली. परत लाटली.


१९ डिसें., गुरुवार

मैतू माझ्याशी आता फक्त तमिळमध्ये बोलते. पूर्वीही तमिळच, पण तेव्हा ती सवय होती. आता शब्द निवडून बोलते, शेजारणीशी बोलावं तसं. बापाशी मराठी! मुद्दाम, माझ्यासमोर. प्र. आधी खूश झाला, मग त्याच्या लक्षात आलं. काल मला म्हणाला, "तू काय केलंस ते सांगितलं तिनं. अलका, हे पक्ष्यांचं नव्हतं ना?"

मी म्हटलं, तू कधी आलायस का शिबिराला? तुला काय कळतं त्यातलं?

एग्मोरच्या ऑफिसात दिवसभर चुका. दोनदा तेच बिल पास करत होते. शेजारच्या टेबलावरच्या कल्पगमनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, झोप नाही.


२२ डिसें., रविवार

पेरुंबाक्कम. अक्का आल्या नाहीत. मैतू आली नाही.

सगळा गट माझा. एकही पक्षी चुकले नाही. दलदली भोवत्या खाली येऊन बदकांवर झडप घालताना दाखवला सगळ्यांना, अगदी दुर्बिणीच्या मधोमध. ओ हो केलं लोकांनी. मग कुणीतरी म्हणालं, "ती टीचर नाही आली? आणि ती ऐकणारी मुलगी?"

ऐकणारी मुलगी.

काय बाई आहे! इथे नाही तरी आहेच.


२८ डिसें., शनिवार

मैलापूरला गेले. कुणाला न सांगता. बसमध्ये वाक्य पाठ करत होते: अक्का, माझं चुकलं.

पहिल्या मजल्यावरचं छोटं घर. भाऊ-भावजय खाली राहतात. अक्कांनीच दार उघडलं, बघितलं, म्हणाल्या, "ये." आत गेल्या, कॉफी घेऊन आल्या. डबऱ्याच्या पसरट वाटीतून टंबलरमध्ये ओतली. माझ्यासमोर ठेवली. पाठ केलेलं वाक्य मी म्हणून टाकलं.

मला वाटलं होतं, त्या हसतील. जाऊ दे म्हणतील. तशाच आहेत ना त्या, सगळ्यांशी. नाही हसल्या.

म्हणाल्या, "मला ऐकायला येत नाही, हे मीच सांगणार होते. माझ्या तोंडानं. पोंगल झाल्यावर, म्हणून ठरवलं होतं. तू ते घेतलीस माझ्याकडून. आता मी काय सांगू? सगळ्यांना माहीत."

मी टंबलर उचलला, परत ठेवला.

"सुंदरमचा फोन आला. मोठ्यानं बोलत होता. कधी नाही ते. बहिऱ्याशी बोलल्यागत. चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले मी, माझ्याशी कुणी असं बोललेलं नाही."

मी म्हटलं, "मला वाटलं, मैतूला तुम्ही माझ्यापासून..."

"मी काय पळवूलेय तिला? ती येते. मी दार उघडते." मग टंबलर माझ्याकडे सरकवला. "खोटं कशाला बोलू. ती आली की बरं वाटतं मला. रविवारी तुझ्या गाडीतून उतरते ना, तेव्हा मी बघत असते, आधी माझ्याकडे येते का तुझ्याकडे राहते. माझ्याकडे आली की, जिंकले! असं होतं. म्हातारपणी. लाज वाटते."

कॉफी गार झाली होती. तरी प्यायले. निघताना जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुझ्याविषयी काय म्हणते ती, विचारलं नाहीस."

विचारायचं होतं. जीव जात होता विचारायला. त्यांच्या तोंडून माझ्या मुलीचं माझ्याविषयीचं मत! म्हटलं, "नको."

"बरं," म्हणाल्या.

क्षमा केली की नाही, कळलं नाही. नसावी.


५ जानेवारी, रविवार

जेवताना मैतूनं बापाला सांगितलं, मला ऐकू जाईल असं. कोडिक्करईला पक्ष्यांना कडी घालण्याचं शिबिर असतं. जाळ्यात हळूच पकडायचे, पायात कडी घालून सोडायचे. मंडळाचं नाही, दुसऱ्या संस्थेचं. अक्कांचा एक जुना विद्यार्थी तिथे आहे. त्यांना आवाज टिपणारी मदतनीस हवी आहे, महिनाभर. अक्काही चालल्या आहेत, त्यांची बहीण तिथूनच जवळ राहते. मैतूचे बरेच तास बुडतील. घरच्यांची परवानगी पाहिजे.

प्र. म्हणाला, "पक्ष्यांतलं आईला कळतं. ती सांगेल."

मैतू ताटाकडे बघत राहिली. मी म्हटलं, बघू.

कारणं हजार आहेत आणि सगळी खरी. अभ्यास. हजेरी. राहायची सोय कशी असेल. पण अक्का जाणार नसत्या तर मी आत्ताच हो म्हटलं असतं, हे मला माहीत आहे. मी स्वतः या शिबिराला जायचं म्हणत होते, ही पोटात होती तेव्हापासून. मग राहिलंच.


१२ जाने., रविवार

पळवेरकाडूहून आत्ताच आले. अंग खारट, डोकं दुखतंय. पण लिहायलाच हवं.

काल सकाळी बस निघाली तेव्हा दोघी बसमध्ये होत्या. येतील असं वाटलं नव्हतं. शेजारी शेजारी, शेवटच्या बाकावर. मी पुढे, सुंदरम सरांच्या बाजूला. सर अक्कांशी खरंच ओरडून बोलत होते. अक्का दर वेळी म्हणत होत्या, "ऐकायला येतंय सर." मला मेल्याहून मेल्यासारखं.

आज सकाळी होड्या. खाडी आरशासारखी. लांबवर पाण्यावर गुलाबी पट्टा, तेच रोहित. माणसं वेडी झाली होती बघून. एकेकाला होडीत बसवलं. मैतू चढली. अक्का काठावर, उलट्या ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत बसल्या होत्या, टोपी मांडीवर.

मी परत उतरले, चिखलातून त्यांच्यापर्यंत गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "अक्का, चला. माझ्या शेजारी बसा. जबाबदारी माझी."

मान हलवली. "नको. तू जा."

"अक्का, प्लीज."

"मला नको आहे गे." कडू नाही. नुसतं ठाम.

परत आले तर मैतू होडीतून उतरत होती, चपला हातात घेऊन. मी म्हटलं, "मैतू, रोहित! तुला बघायचे होते ना?" तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही जाऊन या." गुडघाभर पाण्यातून काठावर गेली आणि अक्कांच्या शेजारी बसली.

होडी निघाली. मी माझं काम करत होते. डावीकडे बघा, हळू बोला, उभं राहू नका. जवळ गेलो तसे ते उडाले. सगळे एकदम. पंखांखालचा लाल रंग उघडला. होडीतली माणसं श्वास घ्यायची थांबली होती. एक बाई रडत होती.

मी बघितलं नाही. मी मागे काठाकडे बघत होते. दोन ठिपके. एक ठिपका दुसऱ्याच्या जवळ वाकलेला. दुर्बीण लावली! रोहित सोडून त्यांच्यावर दुर्बीण लावली मी. मैतू हातवारे करून काहीतरी सांगत होती. काय सांगत होती, देव जाणे.

काठाला लागलो. मैतू पुढे आली, होडीचा दोर धरला. माझ्याकडे न बघता विचारलं, पण मराठीत, "उडाले तेव्हा आवाज कसा होता? इथपर्यंत आला नाही. अक्काला सांगायचंय."

एवढे पक्षी डोक्यावरून गेले आणि मला आवाज आठवत नव्हता. नवख्यांना दर वर्षी सांगते, कान उघडे ठेवा.

"मी ऐकला नाही," म्हटलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिला वाटलं असेल, सांगायचं नाही म्हणून म्हणतेय. किंवा नसेल वाटलं. ती वळली, त्या रडणाऱ्या बाईला जाऊन विचारलं.


१६ जाने., गुरुवार

पोंगल झाला. खालच्या शेजाऱ्यांकडून गोड पोंगल आलं, आम्ही तिळगूळ दिला. मैतूलाही दिला. "गोड बोल" म्हणायची हिंमत झाली नाही. तिनं खाल्ला.

संध्याकाळी तिच्या दारात जाऊन म्हटलं, "कोडिक्करईला जा तू."

हेडफोन काढला. "काय?"

"जा म्हटलं. कॉलेजशी अप्पा बोलतील."

"अक्का पण आहे," म्हणाली. जणू मी विसरले असेन.

"माहीत आहे."

जरा प्रेमानं म्हणता आलं असतं. औषध गिळल्यासारखं म्हटलं. ती "थँक्स मा" म्हणाली. मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले.


२ फेब्रुवारी, रविवार

सकाळची गाडी, एग्मोरहून. रोजचंच स्टेशन, पण रविवारी ओळखू येत नाही. प्र. नं बॅग चढवली. अक्का आधीच खिडकीत. मैतू आत गेली, सामान लावलं, परत दारात आली. मी चपाती-भाजीचा डबा दिला. म्हटलं, दोघींना पुरेल. हे म्हणायला किती जड गेलं, ते फक्त मला ठाऊक.

वाकून नमस्कार केला मला, प्लॅटफॉर्मवर, सगळ्यांसमोर! आमच्या घरात असं कुणी करत नाही. हे त्यांनीच शिकवलं असणार. डोळे भरून आले आणि त्याच क्षणी हा विचार आला. दोन्ही एकदम.

गाडी हलली. अक्कांनी खिडकीतून हात वर केला. मीही केला.

प्र. म्हणाला, चल, इडली खाऊ.


८ फेब्रु., शनिवार

आठवडाभर जेमतेम दोन ओळींचे निरोप. "ऑल गुड." "ईटिंग वेल." आज दुपारी फोन. वाऱ्याचा आवाज इतका की अर्धं कळत नव्हतं. पण मराठीत! एक वटवट्या हातात धरला म्हणे, बोटाएवढा, त्याचं काळीज तळव्यात धडधडत होतं. उन्हानं काळी झालीय. डास फार आहेत. तासभर बोलेल असं वाटत होतं.

मग म्हणाली, "आई, तू येतेस का इकडे? पुढच्या शनिवारी? दोन दिवस. इथे राहायला जागा आहे."

मी हो म्हणायचं. किती सोपं होतं! तोंडातून गेलं, "तू विचारतेस, का अक्कांनी विचारायला सांगितलं?"

पलीकडे नुसता वारा. मग, "आई..." आणि कट.

परत लावला. लागत नाही. आणखी लावला. तिकडे रेंज येते-जाते, ती म्हणालीच होती. तिनं ठेवला की तुटला?

प्र. पेपर वाचत होता. म्हणाला, "कुणी का विचारेना! बोलावलंय ना? जा. काय फरक पडतो?"

याला कसं समजावू. तेवढाच तर फरक आहे.

माळ्यावरची प्रवासाची पिशवी खाली काढली. दुर्बीण आत ठेवली. परत बाहेर काढली. पिशवी आहे अजून पलंगावर, उघडीच.